पाठीला माती लागल्यावर

सकाळच्या लढतींत दोन-तीनदा चितपट झालेला पैलवान घरी येतो तेव्हा त्याच्या एका हातात दुधाची किटली असते, खांद्यावर ओला लंगोट असतो आणि तोंडात कारणं असतात. किटली चुलीजवळ रिकामी होते, लंगोट दोरीवर जातो. कारणं मात्र दुपारच्या जेवणापर्यंत पुरतात.

माझा भाचा असा पैलवान आहे. राहतो बेडशात, मावळातल्या त्या जुन्या लेण्यांच्या पायथ्याशी, आणि पहाटे चारला उठून मोटरसायकलवरून कामशेतच्या बाजूच्या एका तालमीत जातो. वय एकोणीस, वजन सत्तरच्या आत-बाहेर, भूक दोन माणसांची. जत्रेच्या आखाड्यात रेवड्यांवर आणि नारळावर लागणाऱ्या कुस्त्या त्याने केव्हाच मागे टाकल्या. आता त्याची कुस्ती पैशावर लागते आणि लाउडस्पीकरवरचा माणूस त्याच्या नावाआधी 'पैलवान' म्हणतो. मी स्वतः जन्मात लंगोट लावलेला नाही. त्यामुळे कुस्तीबद्दल मला न अडखळता बोलता येतं.

तर कार्तिकातल्या एका सकाळी तालमीत सोलापूरकडचा एक पोरगा आला. हडकुळा, भाच्यापेक्षा आठ-दहा किलोंनी हलका, बोलायला लाजाळू. पाव्हण्यांकडे आलोय, थोडे दिवस मेहनत करू द्या, म्हणाला. वस्तादांनी त्याला भाच्यासमोर उभा केला. पहिल्यांदा त्याने पट काढला. दुसऱ्यांदा ढाक लावली. तिसऱ्यांदा काय झालं ते भाच्याला आजतागायत सांगता आलेलं नाही. आधी समोर पोरगा होता, मग तालमीचे पत्रे होते.

घरी आल्यावर पहिलं कारण आलं ते मातीचं. माती कोरडी होती, पाय धरत नव्हती. आता तालमीचा हौद म्हणजे नुसता खड्डा नव्हे. लाल माती चाळून घेतात, तिच्यात हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर मुरवतात आणि रोज पहाटे पोरंच ती खोऱ्याने उकरून, वरखाली करून भुसभुशीत करतात. त्या दिवशी उकरायची पाळी कुणाची होती, एवढंच मी चहा पिता पिता विचारलं. पाळी त्याचीच होती. कारण मागे घेण्यात आलं.

मग झोप झाली नव्हती. हे थोडं खरं होतं. तुळशीचं लग्न झालं की माणसांचीही लागायला सुरुवात होते आणि हल्ली नवरा-नवरीपेक्षा स्पीकर जास्त जागतो. पण तो स्पीकर साऱ्या पंचक्रोशीने ऐकला होता, सोलापूरच्या पोरानेही. मग थंडाईत बदाम कमी होते. हे कारण आक्काच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या कानावर पडलं आणि पुढचा अर्धा तास घरात बदामांचा भाव, म्हशीचा खर्च आणि पैलवानाच्या बापाचा पगार या विषयांवर एकतर्फी लढत झाली. ती भाचा हरला. त्या दिवसातली त्याची ही चौथी.

मग पोरगा डावखुरा होता. मग पोरगा मॅटवर शिकलेला होता. मग पोराच्या अंगाला तेल होतं. सगळ्यांत शेवटी गुडघा आला. गुडघ्याचं कारण बाकीच्यांहून वरच्या प्रतीचं असतं, कारण त्याला पुरावा मागता येत नाही. माती कोरडी होती की नाही ते चार जण सांगू शकतात. गुडघ्यात काय चाललंय ते एकट्या मालकाला ठाऊक.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पैलवानाच्या दुखण्यावर हसणं सोपं असतं. मानेला झटका बसला, डोकं आपटून पोरगा भांबावल्यासारखं बोलायला लागला, सांध्याला सूज चढली, तर वस्ताद विनोद करत नाहीत. लढत तिथेच थांबते, पोराला गाडीवर घालून दवाखान्यात नेतात आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत तो हौदाच्या कडेला बसून नुसता बघतो. भाच्याचा गुडघाही वस्तादांनी अंगठ्याने दाबून, वाकवून, फिरवून तपासला होता. त्यांचं निदान असं होतं : "गुडघा चांगलाय. दुखतंय ते त्याच्या बरंच वर."

कानाचं तर निराळंच. लढतीत घासून घासून पैलवानाचा कान फुगतो आणि मग तसाच गोळा होऊन राहतो. कान मोडला की पोरगा पक्का झाला असं तालमीत समजतात. आक्का समजत नाही. भाचा घरी आला की ती आधी त्याचे कान बघते, मग बाकीचा भाचा. मुलगी बघायला जाताना तू काय कानटोपी घालून बसणार का, हा तिचा प्रश्न आहे, आणि त्यावर कुस्तीच्या कुठल्याही घराण्यात उत्तर नाही.

पण घरातला खरा अधिकारी आवाज आजीचा, आक्काच्या सासूबाईंचा. तीनदा पडल्याची हकिकत कारणांसकट तिच्यापर्यंत पोचली तेव्हा ती ओट्यावर लसूण सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पडला?"

"व्हय आजी. तीनदा."

"खाली काय व्हतं?"

"माती."

"मंग?"

आणि तिने पुढची पाकळी घेतली. आजीने उभी हयात मावळातल्या पावसात, गुडघाभर चिखलात भाताची लावणी केली आहे. पाय घसरून बसकण मारणं ही तिच्या लेखी बातमी नाही. उठायला वेळ लागला तर बातमी, कारण तेवढ्यात बाजूची बाई आपली ओळ पुरी करून पुढे जाते.

कार्तिकात आमच्याकडे भाताची कापणी उरकत आलेली असते आणि खळ्यावर झोडणी चालू असते. भात बहुतेक इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात १९८७ साली निघालेलं हे वाण, आणि त्याच्या वासावर पुण्याची माणसं गाड्या काढून इथवर येतात. ज्या खांद्याला तालमीत हात वर करवत नव्हता, त्याच खांद्याने आक्काने त्या दुपारी भाच्याकडून भारेच्या भारे झोडून घेतले. मी खळ्याच्या कडेला बसून होतो. तो ज्या त्वेषाने पेंढी फळीवर आपटत होता ते बघून कळत होतं की प्रत्येक पेंढी सोलापूरची आहे. दाणा असा सुटला की आजी म्हणाली, "ह्याला रोज पाडा रं कुनीतरी."

पराभवाला एवढं अनुदार घर फार कमी पैलवानांना लाभतं. शहरात असता तर कुणीतरी त्याला जवळ बसवून तुला आतून कसं वाटतंय ते विचारलं असतं, आणि एकदा का ते विचारलं की पोरगा आठवडाभर आतच राहिला असता. मार सकाळपुरता असतो. त्याला मोठं करायचं काम आपण घरी येऊन करतो, दार लावून, पुन्हा पुन्हा तीच लढत डोक्यात लावून. आणि डोक्यातल्या लढतीची गंमत अशी की तिच्यातही आपणच पडतो, फक्त जास्त सावकाश.

संध्याकाळी शेजारची शाळकरी मुलगी आली. ती आठवड्यातून दोनदा ज्यूदोच्या क्लासला जाते. पांढरा जाड पोशाख, कमरेला पट्टा. मध्यंतरी तिचा पट्टा पिवळ्याचा नारिंगी झाला तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. पट्ट्यावरून दर्जा दाखवायची ही चाल ज्यूदोतून आली. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान काढलं, तिथून हळूहळू ती जगभर गेली आणि कराटेवाल्यांनीही उचलली. तिच्यात एक मोठी सोय आहे. सकाळी सपाटून मार खाल्ला तरी संध्याकाळी पट्टा नारिंगीच असतो. कुस्तीत तसं नाही. पैलवानाचा त्या दिवसापुरता दर्जा त्याच्या पाठीवर लाल मातीत लिहिलेला असतो आणि तो घेऊन त्याला गावातून यावं लागतं. त्यातही एक सोय आहे म्हणा. तो अंघोळीने जातो.

मुलीने सगळी हकिकत ऐकली आणि निरागसपणे म्हणाली, "दादा, आम्हाला क्लासमध्ये पहिल्यांदा पडायलाच शिकवलं. मागे पडायचं, बाजूला पडायचं, हात आपटायचा, हनुवटी छातीला लावायची. तुम्हाला पडायला शिकवत नाहीत?"

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी पेंढीकडे बघितलं.

"आम्हाला," तो म्हणाला, "पाडायला शिकवतात."

"मग पडतं कोण?" ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत कुस्तीवर इतका नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. तालमीत रोज जेवढे जण पाडतात तेवढेच पडतात, हा हिशोब पहिलीतल्या पोरालाही यावा. पण कुठल्याही तालमीत जाऊन विचारा, सगळे पाडणारेच भेटतील. पडणारे बहुधा दुसऱ्या तालमीत जातात.

पैलवानाचं मन जाग्यावर आणायला थोरांच्या गोष्टी सांगाव्यात असं माझं मत होतं. ते आता थोडं सैल झालं आहे. मी त्याला गामाची गोष्ट सांगितली. १० सप्टेंबर १९१०, लंडन. समोर पोलंडचा स्टानिस्लॉस झिबिस्को, वजनाने कितीतरी भारी. गामाने त्याला सुरुवातीलाच खाली घेतला. त्यानंतर झिबिस्को जो पालथा झाला तो पालथाच राहिला. एक तास झाला, दोन तास झाले. गामा त्याला उलथायला बघतोय आणि तो जमिनीला चिकटून. अडीच तासांच्या वर हे चाललं आणि शेवटी पंचांनी बरोबरी दिली. आठवड्याने पुन्हा लढायचं ठरलं, तर झिबिस्को आलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळात दोघे पुन्हा भिडले. तेव्हा गामाने मिनिट पुरं व्हायच्या आत निकाल केला.

मला सुचवायचं होतं ते असं की गामासारख्याचीही एखादी दुपार अशी फुकट जाते, आणि काही हिशोब पुरे व्हायला अठरा वर्षं लागतात. भाचा विचारात पडला. गोष्ट लागू पडली असं वाटून मी समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरच्या पोराने हात मिळवला, दस्ती खेचली, आणि भाचा आपण होऊन पालथा पडला. पडला तो पडलाच. हातपाय पसरून, हौदाला मिठी मारून. वस्तादांनी थोडा वेळ वाट बघितली. "काय रं, झोप लागली का?" खालून आवाज आला, "वस्ताद, गामाच्या टायमाला असं चालायचं." हे कुणी सांगितलं त्याची चौकशी झाली आणि माझं नाव निघालं. मग वस्तादांनी भाच्याच्या पाठीवर दोन जड पोरांना मांडी घालून बसवलं आणि आपण चहाला गेले. वस्ताद चहा सावकाश पितात.

तेव्हापासून खाशाबा जाधवांची गोष्ट सांगताना मी जपून सांगतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेला तेव्हा मातीतून उठून थेट मॅटवर उभा राहिला होता. सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. (इथे आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने छपराकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, "ही गोष्ट ह्याला सांगू नका.") हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीबरोबर लांबलचक लढत झाली, ती खाशाबा हरले. त्यानंतर लगेच सोव्हिएत रशियाच्या राशिद मामदबेयोवबरोबर उभं केलं. दोन लढतींच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायचा नियम होता, पण तो बजावून सांगायला त्या घटकेला एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता. थकलेल्या अंगाने लढले, ती लढतही गेली. सुवर्ण इशीला मिळालं, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि दुसरं बघायला देशाला १९९६ पर्यंत थांबावं लागलं.

गोष्ट संपली तेव्हा भाच्याचे डोळे चमकत होते. मला ती चमक ओळखीची होती.

"म्हणजे मामा, मधी इश्रांती पायजे. मला बी तिसऱ्या लढतीच्या आधी..."

वस्ताद त्या दिवशी आमच्याकडे भाताचं बी बघायला आले होते. त्यांनी बशीतला चहा खाली ठेवला. "पैलवान, जगातल्या कुठल्या बी तालमीत चाललं आसतं आसं कारन त्या मानसाकडं व्हतं. आन् त्यानं आनलं काय? पदक. तुझ्याकडं कारनं सात हायेत. आता पदक किती ते सांग."

मुळशीच्या आणि मावळच्या वस्तादांशी वादात पडू नये. शेजारच्या मुळशीतल्या मुठा गावचे मामासाहेब मोहोळ कुस्तीगीर परिषदेच्या पायाशी होते, त्यांच्या नावाची गदा महाराष्ट्र केसरीच्या खांद्यावर येते, आणि त्या गदेचा थोडा भार या भागातल्या प्रत्येक वस्तादाच्या बोलण्यात उतरलेला असतो. आमचे वस्ताद साठीच्या पुढचे. बोलतात कमी. लढतीनंतर डाव समजावून सांगावा, चूक दाखवावी, असलं काही ते करत नाहीत. पडलेल्याला एवढंच म्हणतात : "ऊठ. हात मिळव." एकदा मी त्यांना विचारलं की पोरांना धीर का देत नाही. ते म्हणाले, "हितं पडायला पैसं लागत न्हाईत. जत्रंत पडला तर सारं गाव बघतं. फुकाट हाय तवर पडून घ्यावं मानसानं." मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "धीर दिला की पोरगं तो मोजत बसतं."

त्याच चहावर त्यांनी हुकूम सोडला. उद्या मेहनत हौदात नाही, लेण्याला.

बेडशाच्या लेण्यांना खालून चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. कार्ल्याला देवीमुळे गर्दी, भाज्याला धबधब्यामुळे. इकडे त्या मानाने शांतता असते, आणि कार्ले-भाजे पश्चिमेला तोंड करून बसलेत तर बेडसे पूर्वेला, म्हणून इथे सकाळीच यावं. तालमीतली पोरं उजाडता उजाडता पायथ्याशी जमली. माहितगार म्हणून मला घेतलं होतं. वस्तादांनी टाळी वाजवली आणि पोरं सुटली.

आणि इथे पारडं फिरलं. भाचा या पायऱ्यांवर लहानाचा मोठा झालेला. शेळ्या, क्रिकेटचा चेंडू, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या पाण्याच्या बाटल्या, या ना त्या निमित्ताने त्याने त्या तुडवलेल्या. तो वर पोचून हाताची घडी घालून उभा राहिला तेव्हा सोलापूरचा पोरगा निम्म्यावर कठड्याला टेकला होता. मी त्याच्यापाशी पोचलो तर धापा टाकत मला म्हणाला, "मामा, आमच्याकडं सगळं सपाट हाय ओ." थोड्या वेळाने म्हणाला, "आन् हिकडची हवा बी गार." आणखी पाच पायऱ्यांनी त्याने बुटांचं काढलं. मला तो पोरगा एकदम आवडला. तोवर मी त्याला अजिंक्य समजत होतो.

वर गेल्यावर चैत्यगृह एकदम दिसत नाही. पुढ्यात कातळाचे दोन मोठे ठोकळे तसेच सोडलेत, त्यांच्या मधल्या अरुंद बोळातून आत जावं लागतं, आणि बाहेर आलो की सुमारे पंचवीस फुटी खांब थेट अंगावर येतात. मागे सरकून सगळं एका नजरेत घ्यायला जागाच नाही. फोटो काढणाऱ्यांची इथे फार तारांबळ होते. कुणाच्या फोटोत खांबाचा पाय येतो, कुणाच्या डोकं, आणि सगळं येईल या आशेने मागे मागे जाणारा माणूस पाठीने कातळाला भेटतो. दोन पोरांनी ते लगेच करून दाखवलं.

खांबांच्या माथ्यावर घोडे, बैल, हत्ती बसलेले आहेत आणि त्यांच्या पाठीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या. नाकडोळे झिजलेत, पण बसणी अशी ऐटीची की कुणालाही वाटावं, आत्ताच टाच मारतील. पोरांनी मान वर करून बघितलं. पैलवान शिल्पाकडे बघतो ते पैलवानासारखंच.

"मांडीची पकड बघ," एक म्हणाला.

"दोन हजार वर्सं झाली," मी म्हणालो, "थोडं कमी-जास्त."

"कुनी पाडलं न्हाय?" भाच्याने विचारलं. या प्रश्नात इतिहासाची गोडी किती आणि असूया किती ते मला ठरवता आलं नाही.

मग मी माझी माहिती काढली. इथे ब्राह्मी अक्षरांत लेख आहेत. एकात नाशिकच्या आनंद नावाच्या शेठजीचा मुलगा पुष्यणक याचं दान नोंदवलंय. पाण्याच्या टाक्यापाशी एका महाभोजाच्या मुलीचं, सामडिनिकेचं दान आहे. पोरांनी विचारलं, आणि हे कोरलं त्यांची नावं? मी म्हणालो, ती नाहीत. ज्यांनी छिन्नी चालवली ते गेले, ज्यांनी पैसे दिले ते भिंतीवर राहिले.

पोरांना याचं काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "जत्रंत बी तसंच आसतं," एक म्हणाला, आणि ते खरंच आहे. आखाड्यात घामाने निथळून दोघे झुंजत असतात आणि लाउडस्पीकर पुकारत असतो तो इनाम देणाऱ्याचं नाव, त्याच्या हुद्द्यासकट, त्याच्या चिरंजीवांच्या वाढदिवसासकट. कुस्ती सुटते, कोण जिंकलं ते हलगीच्या आवाजात वाहून जातं, पण शेठजींचं नाव तिन्ही गल्ल्यांत ऐकू येतं. पुष्यणक आज असता तर लेण्याच्या कमानीवर त्याचा फ्लेक्स असता. तिसऱ्या लढतीत आपल्याला नक्की कोणत्या डावावर मारलं, या दुःखात दोन दिवस असलेला माझा भाचा खांबाकडे बघत म्हणाला, "मंजी आपलं नाव ऱ्हायाचंच न्हाय." हे तो खिन्नपणे म्हणाला नाही. मोठं कर्ज माफ झाल्यासारखा त्याचा चेहरा होता.

लेण्यात पूर्वी रंगकाम होतं. एकोणिसाव्या शतकापर्यंत त्याच्या खुणा दिसायच्या, मग कुणी इंग्रज साहेब येणार म्हणून इथल्या अंमलदारांनी सगळीकडे साफसफाई करून चुना फासून घेतला असं सांगतात. मला ते ऐकून त्या अंमलदारांविषयी आपुलकी वाटते. दोन हजार वर्षं एका पारड्यात आणि साहेबाची फेरी दुसऱ्या पारड्यात टाकली तर आजही कुठल्या बाजूला चुना लागेल हे सांगायला ज्योतिषी नको.

एवढं बोलून झाल्यावर मी त्यांना कातळात कोरलेला एक छोटा स्तूप दाखवला. गोभूती नावाच्या भिक्षूचा. रानात राहायचा, भिक्षेवर जगायचा. त्याच्या मागे आसाळमित नावाच्या शिष्याने त्याच्यासाठी हा स्तूप करवून घेतला, असं तिथल्या लेखात आहे.

वस्ताद आतापर्यंत मागे एका दगडावर बसून होते. जोडीदार, हत्ती, शेठजी यांत त्यांनी काही रस घेतला नव्हता. आता उठून पुढे आले.

"कुनी केलं म्हनला?"

"शिष्याने."

"गुरूसाठी?"

"हो."

"पदरचं पैसं घालून?"

लेखात पैशाचं काही नाही. पण वस्ताद अशा नजरेने बघत होते की मी हो म्हणालो.

वस्तादांनी स्तूपाला हात लावून बघितला. वरून खालपर्यंत, एखादा म्हैस घेणारा बघेल तसा. मग ते सावकाश वळले आणि त्यांची नजर एकेका पोराच्या तोंडावरून फिरली. सोलापूरच्या पोरावर ती क्षणभरच थांबली, तो पाव्हणा होता. भाच्यावर बराच वेळ.

"गुरुजी," ते मला म्हणाले, "आसला दगडात कराया आत्ताच्या भावानं काय खर्च यील?"

मी कारागिराची मजुरी, दगड, पुरातत्त्व खात्याची परवानगी असा काही अंदाज मांडायला लागलो. मागे काहीतरी सरसर हललं. बघतो तर पोरं बोळातून एकेक करून निघाली होती, आणि पायऱ्या सुरू होतात तिथे पोचल्यावर त्यांनी चालायचंही सोडलं. सगळ्यांत पुढे भाचा होता, दोन-दोन पायऱ्या गाळत.

"अरे, गुडघा!" मी वरून ओरडलो.

"बरा हाय मामा!" खालून आवाज आला.